कॉइन घ्यायचा की पायताण विकायचं? आपल्या लाईनीतल्या दुकानदारांना खुलं पत्र

महाद्वार रोड, पापाची तिकटी आणि चप्पल लाईनीतल्या सगळ्या दुकानदार भावांनो, वहिनींनो, आणि आता गल्ल्यावर बसायला लागलेल्या पोरापोरींनो,

नमस्कार. पत्र लांबणार आहे, चहा सांगा आणि मग वाचा.

मागच्या आठवड्यात एक टायवाला पोरगा दुकान-दुकान फिरून गेला, तुमच्याकडं पण आला असणारच, हातात टॅब आणि 'इथे क्रिप्टो स्वीकारले जाते' असलं चकचकीत स्टिकर. क्रिप्टो म्हणजे बिटकॉइनसारखे हे फोनमधले कॉइन. ॲप फुकट, चार्ज शून्य, फॉरेनचं गिऱ्हाईक आपोआप येणार, आणि प्राडानंतर सगळ्या जगाचं लक्ष कोल्हापूरवर हाय तर ही संधी सोडू नका वगैरे वगैरे. प्राडाचं खरं आहे, जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली, आधी आपलं नावसुद्धा घेतलं नाही, इकडं बोंबाबोंब झाल्यावर घेतलं. पण त्याचा आणि ह्या स्टिकरचा काय संबंध ते मला अजून कळलं नाही. आता ग्रुपवर असं ठरायला लागलंय की घ्यायचं तर सगळ्या लाईनीनं एकदमच घ्यायचं, रविवारी बैठक. मला चारचौघात बोलायला जमत नाही, माझी तीन वाक्यं झाली की कोणतरी विषय पार्किंगवर नेतंय, म्हणून लिहून काढलं.

पैलं कबूल करून टाकतो. मी क्रिप्टो घेतलंय. एकदाच, गेल्या नवरात्रात. म्हणजे ऐकीव माहितीवर बोलत नाही.

बेंगलोरच्या एका आयटीवाल्या पोराची इन्स्टावर ऑर्डर आली, लग्नात नवऱ्याकडच्या सगळ्या पोरांना एकसारखी कापशी चप्पल पाहिजे, १८ जोड. जोडाला २४०० धरले, त्यावर ५ टक्के जीएसटी, मिळून ४५,३६० रुपये. पोरगा म्हणाला काका यूएसडीटी मध्ये देऊ का. मी म्हटलं ते काय असतंय. तर म्हणे डॉलरच समजा, एक कॉइन म्हणजे एक डॉलर, बिटकॉइनसारखं वरखाली होत नाही. माझा भाचा पुण्याला नोकरीला आहे, त्याला फोन लावला, तो तर उड्याच मारायला लागला, मामा घे घे, वॉलेट मी काढून देतो. ९० रुपये भाव ठरला, ५०४ कॉइन आले, दोन मिनिटांत. खरं सांगतो मला लई भारी वाटलं. चार दिवस जो भेटेल त्याला मोबाईल काढून दाखवत होतो, तुमच्यातल्या काही जणांनी बघितलंय पण.

आता कॉइन तर आले, पण चामडंवाला कॉइन घेत नाही, सुभाषनगरातला कारागीर शनिवारी हप्ता मागतो तो पण रोख नाहीतर फोनवर. म्हणजे ते विकणं आलं. भाचा म्हणाला एक्सचेंजवर, म्हणजे कॉइनच्या ऑनलाईन बाजारात, विकण्यापेक्षा पीटूपी वर विकूया, समोरचा माणूस थेट तुझ्या खात्यात रुपये टाकतो आणि भाव चांगला मिळतो. ९१ नं गेले, ४५,८६४ रुपये खात्यात जमा. ५०४ रुपये वरचे. त्या ५०४ च्या आनंदात आम्ही मिसळ खाल्ली.

दिवाळीच्या तोंडावर चामडंवाल्याचा चेक परत आला. मला वाटलं सही चुकली असंल. बँकेत गेलो तर म्हणे तुमचं खातं फ्रीज आहे, अख्खं करंट अकाउंट, दुसऱ्या राज्यातल्या एका सायबर पोलीस ठाण्याचं पत्र आलंय. झालं होतं असं की तिकडं कुणाला तरी ऑनलाईन गंडा घातला, त्यानं १९३० ह्या सायबर हेल्पलाइन नंबरला तक्रार केली, तो पैसा चार-पाच खात्यांतनं फिरत फिरत ज्यानं माझ्याकडनं कॉइन घेतले त्याच्याकडं आला आणि त्यानं तोच माझ्या खात्यात टाकला. चोरानं चोरीच्या पैशानं माझे कॉइन घेतले, तो कॉइन घेऊन पसार, आणि कागदावर नाव कुणाचं, तर माझं. बँकेतले साहेब चांगले होते पण म्हणाले आमच्या हातात काही नाही, तिकडंच लिहा. मग ईमेल, बिल, चॅटचे स्क्रीनशॉट, जीएसटीचा कागद, आधार, परत ईमेल, परत फोन, तिकडचा हवालदार हिंदीत काय बोलायचा मला कळायचं नाही आणि माझी हिंदी त्याला. अकरा आठवडे. ऐन दिवाळीत. बायकोची भिशी लागली होती म्हणून कारागिरांचा हप्ता तरी देता आला, नाहीतर तोंड दाखवायला जागा नव्हती. ५०४ रुपयांसाठी.

हे सांगताना मला अजून लाज वाटती, पण सांगितलं नाही तर उद्या आपल्या लाईनीतली चाळीस खाती अशीच बसतील.

तुम्ही म्हणशीला तुझी चूक झाली, पीटूपी करायचं नव्हतं. बरोबर आहे, एफआययूकडं, म्हणजे संशयास्पद पैशावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडं, नोंद असलेल्या एक्सचेंजवर विकलं असतं तर हे कदाचित झालं नसतं. पण माझं म्हणणं त्याच्या पलीकडचं आहे. खातं उघडल्यावर एक दिवस निवांत सीएकडं बसलो, त्यांनी समजावून सांगितलं आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होतो मी चप्पल विकली. कायद्याच्या नजरेत मी चप्पल देऊन कॉइन विकत घेतला होता. हे दोन्ही एक नाही भावांनो. रुपया आला की व्यवहार संपतो. कॉइन आला की दुसरा व्यवहार सुरू होतो, आणि त्या दुसऱ्या धंद्यात आपल्याला ओ की ठो कळत नाही.

आमच्या घराण्याला हे नवीन नाही म्हणा. माझा पणजोबा गावात बलुतेदार. वर्षभर लोकांची पायताणं शिवायची, मोटेचं कातडं सांधायचं, नाडा, आसूड करून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारी आणायची. ज्वारी म्हणजे पैसाच की, घरात खायला पण येते. पण कातडं घ्यायचं तर ज्वारी आधी बाजारात न्यायला लागायची, आणि सुगीत सगळ्यांचीच ज्वारी बाजारात, त्यामुळं भाव पडलेला. म्हणजे कष्ट चांभाराचे आणि भाव ठरवणार दुसराच. आजोबा कोल्हापुरात आला तो ह्यालाच कंटाळून, रोख पैसा मिळतो म्हणून. आणि तीन पिढ्यांनंतर मी काय केलं तर मोबाईलमध्ये ज्वारी घेतली.

आता कायद्याचं जेवढं मला समजलं तेवढं सांगतो. क्रिप्टो आपल्याकडं बेकायदेशीर नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं की ह्या धंद्यातल्यांना सेवा द्यायची नाही, ते सुप्रीम कोर्टानं ४ मार्च २०२० ला उडवून लावलं. पण बेकायदेशीर नाही म्हणजे चलन आहे असं पण नाही. कुणी कॉइन पुढं केला तर घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, आणि तुम्ही घेतला तर सरकार त्याला पैसा म्हणत नाही, मालमत्ता म्हणते. ह्यात आपले लोक अजून एक घोळ घालतात, ते रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया आहे ना, जो डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी ट्रायलवर काढला, त्याला पण क्रिप्टो म्हणतात. तो वेगळा. तो रुपयाच आहे, नुसता फोनमधला. तो कुणी दिला तर खुशाल घ्या.

टॅक्सचं ऐकाल तर चप्पल सोडून पळाल. चप्पल विकल्याचं उत्पन्न त्या दिवशीच्या रुपयाच्या किमतीनं आपल्या धंद्यात धरायचंच, त्यात सुटका नाही. पुढं तो कॉइन विकताना वरचा जो फायदा होईल त्यावर ३० टक्के, वर ४ टक्के सेस, १ एप्रिल २०२२ पासून हाच नियम. माझ्या ५०४ वर १५७ रुपये झाले, ते काय फार नाहीत, पण उलट बाजू बघा. समजा तुम्ही ५० हजाराचं बिटकॉइन घेतलं आणि विकेपर्यंत ते ४० हजारावर आलं. १० हजार गेले. ते कुठंच वजा धरता येत नाहीत, धंद्याच्या नफ्यातनं नाही, आणि दुसऱ्या कॉइनमध्ये १० हजार कमवले तर त्यातनं पण नाही. म्हणजे एकात दहा गेले, दुसऱ्यात दहा आले, खिशात शून्य, आणि टॅक्स ३,१२०. असला हिशोब मी तरी कुठल्या धंद्यात बघितला नाही. आणि काहीजण म्हणतात विकायचंच नाही, कॉइन देऊनच चामडं घ्यायचं, तर ते दिलं तरी विकल्यासारखंच धरतात.

शिवाय १ टक्का टीडीएस आहे, जुलै २०२२ पासून. आणि चप्पल देऊन कॉइन घेणारा म्हणजे कॉइनचा खरेदीदार, त्यामुळं तो टक्का भरलाय का नाही हे बघायची जबाबदारी आपल्यावर येते. छोट्या धंदेवाल्याला वर्षाला ५० हजारापर्यंत सूट आहे म्हणून मी वाचलो, दुसरी ऑर्डर घेतली असती तर तिथं पण अडकलो असतो. तुमची उलाढाल मोठी असंल तर ती मर्यादा अजून खाली येती. हे सगळं आपापल्या सीएला विचारा, माझ्या पत्रावर विसंबून राहू नका. आणि टायवाल्या पोराच्या बोलण्यावर तर अजिबात नको.

बरं कायदा बाजूला ठेवा. गल्ल्यावर काय होतंय ते बघूया. आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त काय होतं? बदली. गिऱ्हाईक नऊ नंबर घेऊन जातंय आणि संध्याकाळी येतंय, अंगठा लागतोय, दहा द्या. दहा नाही, मग पैसे परत. रुपयात घेतले असतील तर परत दिले, विषय संपला. आता त्यानं बिटकॉइन दिला असंल आणि दोन दिवसांत भाव आठ टक्क्यांनी चढला असंल तर तो म्हणणार माझा कॉइन जेवढा दिला तेवढा दे, तुम्ही म्हणणार बिलावर रुपये आहेत, रुपये घे. भाव पडला असला की दोघं उलटं बोलणार. महाद्वार रोडवर, गर्दीत, अमावस्येला. मला डोळ्यासमोर दिसायला लागलंय. बेंगलोरवाल्यानं दोन जोड परत पाठवले असते तर मी काय केलं असतं मला आजही सांगता येत नाही, कारण कॉइन तर मी कधीच विकून बसलो होतो.

आणि एकदा गेलेला कॉइन परत येत नाही. बँकेत चुकून दुसऱ्याला पैसे गेले तर निदान तक्रार करायला खिडकी आहे. इथं खिडकीच नाही. यूएसडीटी एकच नाव, पण ते वेगवेगळ्या नेटवर्कवर चालतं, ट्रॉनचा पत्ता 'टी' अक्षरानं सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सनं, गिऱ्हाईकानं घाईत चुकीचं नेटवर्क निवडलं की बसा शोधत. त्यात अजून एक, टोकन, म्हणजे असला कॉइन, कुणीही काढू शकतं आणि त्याला यूएसडीटी असं नाव पण देऊ शकतं, मोबाईलवर दिसायला सारखंच. नकली नोट हाताला लागली की कळते, आपल्या बोटांना कातड्याची जात कळते तशीच. स्क्रीनवर काय चाचपणार? यूपीआयचे खोटे स्क्रीनशॉट दाखवून पोरं पळून जात होती, म्हणून आपण बोलणारा डबा आणला, तो ओरडला की जोड हातात द्यायचा. ह्याचा डबा अजून मी तरी कुठल्या गल्ल्यावर बघितला नाही. बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदीचं एक पान, साधारण दहा मिनिटांनी बनतो, पक्कं म्हणायचं तर लोक सहा ब्लॉक थांबतात, म्हणजे तासभर. लवकर होणारे मार्ग पण आहेत असं भाचा म्हणतो, असतील. पण नवरात्रात गिऱ्हाईकाला बाकड्यावर बसवून ब्लॉक मोजत बसायला आपल्याला सवड आहे का?

मग वॉलेटची किल्ली कुणाकडं? बारा इंग्रजी शब्द असतात, ते ज्याच्याकडं त्याचा माल. दुकानात आपण, बायको, पोरगा, दोन कामाची पोरं, फोन ह्याच्या हातातनं त्याच्या हातात. ते शब्द मी पैल्यांदा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते, त्याच वहीत पोरं मापं लिहून घेतात. टायवाला म्हणतो काळजी नको, आमचं ॲप सांभाळतं. म्हणजे कॉइन आपला नाही, त्यांच्या कपाटात, आणि त्यांच्या कपाटाला कुलूप कसलं? जुलै २०२४ ला वझीरएक्स वर हॅक झाला, २३ कोटी डॉलरच्या वर माल गेला, आणि लोकांना कितीतरी महिने आपलेच पैसे काढता आले नाहीत. ते एवढं मोठं एक्सचेंज होतं. हा पोरगा तर व्हिजिटिंग कार्डावर ऑफिसचा पत्ता पण छापत नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर चार्ज वाचवायला? भावांनो यूपीआयला आपल्याला चार्ज नाहीच आहे, जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडनं कापला जाणारा चार्ज, शून्य. शून्याच्या खाली अजून काय वाचवणार?

राहिला फॉरेनचा मुद्दा, तो खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. मला पण जर्मनीतनं एक बाई विचारत होती, सहा जोड कुरुंदवाडी, क्रिप्टो चालेल का. मी नाही म्हटलं. कारण माल देशाबाहेर पाठवला की त्याचे पैसे बँकेच्या मार्गानं आले पाहिजेत, त्यावरच बँक कागद देते आणि तो कागद नसला की एक्सपोर्ट कागदावर अर्धवट राहतो, पुढं जीएसटीचं लफडं वेगळंच. वॉलेटमध्ये आलेल्या कॉइनवर कुठली बँक शिक्का मारणार? तिनं शेवटी बँकेतनंच पाठवले, चार दिवस लागले आणि थोडे पैसे कापले गेले, चालतंय. पार्सल पोस्टातनं गेलं, डाक घर निर्यात केंद्र म्हणून सोय आहे, कागदपत्रं तिथंच होतात, एवढं मोठं काही नाही त्यात. ज्यांना प्राडाच्या नावावर चार जोड बाहेर पाठवायचे आहेत त्यांनी आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढा, जीआय टॅग २०१९ पासून आपल्याला आहे त्याचं रजिस्ट्रेशन करून घ्या. स्टिकरपेक्षा ते दोन कागद जास्त कामाचे.

दुकानात समोर येणारा गोरा माणूस असंल तर कार्डाचं मशीन आहे की. यूपीआय वन वर्ल्ड म्हणून परदेशी पाहुण्यांसाठी वॉलेट आहे, ते आपल्याच क्यूआर वर चालतं. आणि खरं सांगू का, भवानी मंडपातनं येणाऱ्या फॉरेनरपैकी माझ्याकडं आजपर्यंत बिटकॉइनची गोष्ट एकानंही काढली नाही, सगळे विचारतात ते एकच, आवाज करणारी आहे का, कर्र कर्र वाजणारी.

भाचा मला म्हणतो मामा तुम्ही मागासलेले, २०१० ला एकानं दोन पिझ्झा दहा हजार बिटकॉइनला घेतले, तो पिझ्झावाला आज बघा. मी शोधून काढलं. २२ मे २०१० ची गोष्ट आहे ती, आणि पिझ्झावाल्याला बिटकॉइन मिळालेच नाहीत. मध्ये एक पोरगा होता, त्यानं बिटकॉइन स्वतः घेतले आणि आपल्या डॉलरनं पिझ्झा मागवून दिला. दुकानदाराला डॉलरच मिळाले! कॉइनची हौस ज्याला होती त्यानं कॉइनची जोखीम घेतली आणि पिझ्झावाल्यानं पिझ्झा विकला. मला हे लई आवडलं. तिकडं एल साल्वाडोर देशानं २०२१ च्या सप्टेंबरात सगळ्या दुकानदारांना बिटकॉइन सक्तीचं केलं होतं, २०२५ च्या जानेवारीत ती सक्ती काढून टाकली. देशाला जमलं नाही ते आपल्या लाईनीनं कशाला अंगावर घ्यायचं.

सरकारवर पण राग आहे माझा. टॅक्स घ्यायला ३० टक्के घेता, मग दुकानदारानं घेतला तर कुठं विकायचा, कसा दाखवायचा, खातं गोठलं तर कुणाकडं जायचं, हे मराठीत एका पानावर लिहून द्यायला काय जातंय? पण ते पत्र वेगळं, त्यांना आधीच दोन ईमेल केलेत, उत्तर आलं की ग्रुपवर टाकतो.

रविवारी माझी मागणी एवढीच. सगळ्या लाईनीनं एकदम स्टिकर लावायचं हा विषय आधी मागे घ्या. कुणाला स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचंच असंल तर त्यानं घ्यावं, मी कोण अडवणारा, पण असल्या माणसानं पीटूपी करू नये, बिल रुपयातच फाडावं आणि त्या दिवशीचा भाव बिलावर लिहावा, बदलीचे पैसे रुपयातच मिळतील असं बिलाच्या खाली छापावं. आणि टायवाला आला तर त्याला सगळ्यांसमोर विचारा, तुमच्या कंपनीची एफआययूकडं नोंद आहे का, नोंदीचा कागद दाखवा. पैसे रुपयात थेट आमच्या खात्यात येणार का कॉइनमध्ये तुमच्या कपाटात राहणार? आमचं खातं फ्रीज झालं तर तुमचा माणूस आमच्याबरोबर त्या पोलीस ठाण्याला येणार का? मी हे प्रश्न त्याला दुकानात विचारले होते. दुसऱ्या प्रश्नाला त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत पापाच्या तिकटीपर्यंत गेला, परत आला नाही. टॅबचं कव्हर माझ्याच काउंटरवर विसरलंय, कुणाला भेटला तर सांगा.

तुमचाच,
पापाच्या तिकटीजवळचा एक पायताणवाला

ता. क. बेंगलोरच्या पोरात काही खोट नव्हती, त्याचे कॉइन चांगलेच होते. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, परत २० जोड पाहिजेत. ह्या वेळी निम्मे ॲडव्हान्स यूपीआयनं आलेत, डबा ओरडला तेव्हा शेजारच्या दुकानातनं दोघंजण बघायला आले.